पौंडाला दोनशे चाळीस

पुलगावात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं नेहमीचं किराणा दुकान आहे. तिथं पाव किलो काजू घ्यायला एरवी दोन मिनिटं लागतात. दुकानाच्या बाकावर ग्रेडर काकाजी बसलेले असले तर पाऊण तास धरावा. गॅसवर दूध ठेवून आला असाल तर आधी घरी जाऊन ते उतरवून यावं.

पद्धत ठरलेली आहे. शेठ काजू तोलतो, पुडीसाठी कागद ओढतो आणि बाकावरून आवाज येतो.

"थांब. कोन्ता म्हनून देऊन राह्यला?"

"दोसौ चालीस, काकाजी."

"पसर."

शेठ निमूटपणे रद्दीचा पेपर पसरतो. काकाजी चष्मा वर सरकवतात, डाव्या हाताची बाही मागे घेतात आणि पाच-पाच काजूंच्या रांगा लावू लागतात. गिऱ्हाइकानं या वेळी बोलायचं नसतं. एका बाईनं मध्येच "काकाजी, जरा घाई आहे" म्हटलं, तर त्यांनी शांतपणे सगळ्या रांगा मोडून पहिल्यापासून सुरुवात केली.

"एकशे एकतीस," शेवटी निकाल लागतो. "पास."

गिऱ्हाइकाला आपलाच पोरगा बारावी सुटल्यासारखं वाटतं.

एकदा 138 निघाले. काकाजींनी चष्मा पुसला, परत मोजले. तेवढेच. मग ते शेठकडे न बघता, रस्त्याला उद्देशून बोलले, "हा माल दोनशे चाळीसच्या घरातून निंगाला आन दोनशे ऐंशीच्या घरी पोचला नाई. हा नवरदेवाच्या मामाच्या साळ्यासारखा झाला. कोनाचाच कोनी नाई, पन पंगतीत पयला." शेठनं दहा रुपये कमी घेतले. ते काजूपायी घेतले की त्या साळ्यापायी, ते कळलं नाही.

हा 131 आणि 138 चा हिशेब आता पुलगावात रिक्षावाल्यालाही पाठ आहे, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. काजूच्या डब्यावर 'डब्ल्यू 240' असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे पांढरा अख्खा. 240 ही किंमत नव्हे, वजन नव्हे आणि काजूच्या झाडाची जातही नव्हे. एका पौंडात किती काजू बसतात, तो हा आकडा. पौंड म्हणजे जवळजवळ 454 ग्रॅम. पौंडाला 220 ते 240 काजू चढले तर तो 240 नंबर. 300 ते 320 चढले तर 320. सगळ्यात दांडगा 180, त्याला व्यापारी काजूंचा राजा म्हणतात. त्याखाली 210, 240, 280, मग बाजारात सगळ्यात जास्त खपणारा 320, आणि उतरत उतरत 400, 450. काकाजींनी या सगळ्याचा पाव किलोचा भागाकार करून ठेवला आहे. 240 नंबरचे पाव किलोत 121 ते 132 बसले पाहिजेत, 320 चे 165 ते 176. हा तक्ता त्यांच्या बैठकीत कालनिर्णयच्या शेजारी टांगलेला आहे, आणि दोन्हींपैकी तोच जास्त वेळा पाहिला जातो.

आता वर्धा जिल्ह्यात काजूचं काय काम, असं कुणी विचारेल. काही काम नाही. इथून कोकण म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक. इथे काजू फक्त दिवाळीच्या डब्यात, साक्षगंधाच्या ताटात आणि डॉक्टरनं नको म्हटलेल्या पदार्थांच्या यादीत भेटतो. पण काकाजींना 'ग्रेडर' हे नाव काजूमुळे पडलेलंच नाही. ते पांढऱ्या सोन्याचं आहे.

1972 साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्यानं कापूस खाजगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, खरेदी केंद्रावरच आणायचा, असा कायदा. त्या केंद्रांवर बैलबंड्यांची रांग लागायची. माणसं बंडीखालीच झोपायची, तिथंच भाकरी खायची. आणि या रांगेच्या तोंडाशी उभा असायचा ग्रेडर. बंडीत कोपरापर्यंत हात घालून तो आतला कापूस बाहेर काढी, कारण वरचा सगळेच चांगला ठेवतात. त्यातली चिमूटभर रुई सरकीपासून सोडवून दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत ओढायची, परत जुळवायची, परत ओढायची. धागे एकमेकांशेजारी सरळ लागले की बोटावरच लांबी दिसते. मग तोच झुबका कानाशी नेऊन तोडायचा. मजबूत धागा तुटताना बोलतो म्हणतात. ओल किती, कवडी किती, फरदड मिसळलीय का, हे सगळं त्या दोन बोटांना विचारायचं. यंत्र नाही, कागद नाही. आणि बंडीच्या धुरेवर बसलेला माणूस त्या बोटांकडे बघत असायचा, कारण एक ग्रेड खाली म्हणजे पोरीच्या लग्नातला एक दागिना कमी.

अशी बोटं तीस वर्षं चाललेली. पुढं ती योजना सैल होत होत संपली, व्यापारी परत आले, धागा मोजायला यंत्रं आली, आणि काकाजी घरी आले. निरोपाच्या कार्यक्रमात शाल, नारळ आणि काजूचा डबा मिळाला. शाल कुठं गेली ते काकूंना आजही माहीत नाही. डबा आहे, त्यात त्या सुया-दोरे ठेवतात. त्या डब्यावर बारीक अक्षरात छापलं होतं : ग्रेड डब्ल्यू 240.

'ग्रेड' हा शब्द काकाजींनी वाचला आणि, काकूंच्या भाषेत सांगायचं तर, "या मानसाले पुन्हा नोकरी लागली."

त्यांनी त्या रात्री डबा रिकामा करून मोजला. मग कुठून कुठून माहिती जमवली. आपल्या सरकारनं निर्यातीसाठी काजूगराच्या 33 प्रती ठरवल्या आहेत, हे कळलं त्या दिवशी ते जेवताना तीनदा "तेहतीस" म्हणाले. कापसाला बिचाऱ्या इतक्या नव्हत्या. अख्ख्यांच्या वेगळ्या, तुटक्यांच्या वेगळ्या. भाजताना रंग चढला तर तो 'करपट अख्खा', त्याची वेगळी रांग. लांबीत, निसर्गानंच आखलेल्या रेघेवर दोन फाका झाल्या तर ती पाकळी. आडवा, टोकाशी तुटला तर 'बट'. त्याखाली मोठा तुकडा, छोटा तुकडा आणि शेवटी अगदी बारीक कणी, तिला साहेबी कागदात 'बेबी बिट' म्हणतात. बाजारात एवढं कुणी बोलत नाही. तिथं दोन तुकडा, चार तुकडा, आठ तुकडा म्हटलं की भागतं. सगळ्यात काकाजींना आवडतो तो 'डेझर्ट' नावाचा दर्जा. जास्त करपलेला, सुरकुतलेला, डाग पडलेला अख्खा काजू म्हणजे डेझर्ट. "नाव पाय कसं ठेवलं!" ते म्हणतात. "आपल्याकडं निवडनुकीत पडलेल्याले महामंडळ देतात, तसं."

पण आकडा उलटा चालतो, ही गोष्ट लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. आकडा लहान तर काजू मोठा. एका साक्षगंधाच्या खरेदीला आलेल्या मुलीकडच्या बाईंनी शेठला बजावलं होतं, "आम्हाला ते साधे दोनशेवाले नको. मुलाकडचे मोठे लोक आहेत. चारशेवाले द्या." शेठनं आनंदानं दिले. ताटात ते काजू भिजवलेल्या शेंगदाण्यांसारखे दिसत होते. काकाजी त्या समारंभाला होते. ते ताटाजवळ गेले, वाकले, मुलीच्या बापाच्या कानात म्हणाले, "पौंडाले चारशे. कोनाले सांगू नोका." मुलीच्या बापाला यातलं काहीच कळलं नाही, त्याला वाटलं, मुलाकडच्यांनी पौंडात हुंडा मागितला.

हा उलटा आकडा पुलगावला नेमका ज्यांनी पटवला, ते म्हणजे गिरणीतले लोक. आमची कापडगिरणी बंद पडून आता जमाना झाला, पण चौकात बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी निम्मे अजून मनानं पाळीवरच आहेत. काकाजींनी पौंडाचं प्रकरण सांगितल्यावर त्यांच्यातला एक, सूत काढायच्या खात्यात उभी हयात घातलेला, हसायला लागला. "अबे, हे तं आमचंच नंबरचं सूत होय!" आणि त्यानं समजावलं. चाळीस नंबरचं सूत म्हणजे 840 यार्डांची एक लड, अशा चाळीस लडी मिळून एक पौंड. वीस नंबरच्या सुताच्या वीसच लडींत पौंड भरतो, म्हणजे ते जाड. नंबर वाढला की सूत बारीक. काजूचंही तसंच, नंबर वाढला की काजू बारीक.

काकाजी आतून हलले. कापूस आणि काजू एकाच पौंडाची लेकरं निघाली! इंग्रज गेला, दशमान आलं, शेर गेला, छटाक गेलं, पण अमेरिकेला काजू विकायचा म्हणून पौंड त्या डब्याला चिकटून राहिला आणि लँकेशायरच्या गिरण्यांपायी तो सुताला चिकटून राहिला. फरक एवढाच, की सूत बारीक झालं की महाग होतं आणि काजू बारीक झाला की स्वस्त. "मानसातबी दोन्ही परकार असतात," काकाजी म्हणाले. आता हे तत्त्वज्ञान लांबणार असं दिसताच आम्ही चहा मागवला.

तत्त्वज्ञान टळलं, पण सवय लागली. काकाजी माणसांनाही ग्रेड लावू लागले. कुणाच्या घरी स्थळ आलं की आधी त्यांचं मत घ्यायचं. "पोरगा अख्खा हाय, पन करपट." म्हणजे नोकरी आहे, तोंडाला वास आहे. नगरसेवकाच्या एका उमेदवाराला त्यांनी भर चौकात 'आठ तुकडा' ठरवलं. तो आठ पक्ष फिरून आला होता, त्यामुळे त्यालाही बोलता आलं नाही. निर्यातीच्या नियमात एक सवलत आहे : अख्ख्यांच्या डब्यात फुटके आणि लगेच खालच्या नंबरचे मिळून पाच टक्क्यांपर्यंत चालतात. काकाजींच्या हातात हे शस्त्रच आलं. काकूंनी भाजीत मीठ जास्त टाकलं तर "पाच टक्क्यांत हाय," आणि दुसऱ्यांदा टाकलं तर "आता डबा वापस जाईन."

मला त्यांनी 'दोन तुकडा' दिला. मी मास्तर. "मास्तर शाळेत एक अर्धा असते आन घरी दुसरा. मधातली रेघ निसर्गानंच आखली हाय, तुमचा दोष नाई." मी घरी हे सांगितलं. बायको म्हणाली, "अर्धा तरी असता का?"

सगळ्यात गंमत ही, की काकाजी काजू खात नाहीत. मोजतात, पाहतात, उजेडात धरतात, एखादा नाकाशी नेतात, आणि परत रांगेत ठेवतात. काकू घरात नेहमी तुकडाच आणतात. "शिऱ्यात टाकाले अख्खा कायले पायजे? पोटात जाऊन तुकडाच होते ना तो." या वाक्याला काकाजींकडे उत्तर नाही, म्हणून ते त्या वेळी ऐकू येत नसल्यासारखं करतात.

असं सगळं बरं चाललं होतं. मग डेपोत बदली होऊन आलेल्या एका कोकणी मुलाची आई गावात आली.

आमच्या गावाला नाव दिलं वर्धा नदीवरच्या पुलानं, आणि माणसं आणली दारूगोळ्याच्या डेपोनं. पंजाबपासून केरळपर्यंत कुठलाही माणूस पुलगावात भाड्यानं राहिलेला सापडतो. ही मावशी वेंगुर्ल्याकडची. साठीची, किडकिडीत, उजव्या हाताच्या बोटांवर काळपट डाग. ते डाग काजूच्या टरफलातल्या तेलाचे. आयुष्यभर काजूच्या कारखान्यात. आधी बी फोडायला, मग साल काढायला, आणि डोळे तयार झाल्यावर शेवटची वीस वर्षं निवडायच्या टेबलावर.

तिनं दुकानात काकाजींना पाच-पाचाच्या रांगा लावताना पाहिलं. थोडा वेळ पदर तोंडावर धरून उभी राहिली. मग राहवलं नाही.

"काकानू, मोजतास कित्याक? बोटांक कळता."

काकाजींनी वर पाहिलं. गेल्या पंधरा वर्षांत त्यांना मोजताना कुणी टोकलं नव्हतं, आणि हे वाक्य तर त्यांचंच होतं. कापसाच्या बंडीजवळ उभं राहून त्यांनी ते हजारदा म्हटलं होतं, वऱ्हाडी बोलीत. "एकशे एकतीस भरले," ते जरा सावरून म्हणाले. "दोनशे चाळीस. पास हाय."

"भरले आसतले," मावशी म्हणाली, "पण ह्ये दोनशेचाळीस न्हयत."

आणि तिनं पेपर स्वतःकडे ओढला. पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिनं मोजलं नाही, उचलून पाहिलं नाही, चष्मा तर नव्हताच. दोन्ही हात पेपरवर फिरले, जसे तांदूळ निवडताना फिरतात तसे, आणि काजू आपोआप तीन ढिगांत जाऊन बसले. मिनिटसुद्धा लागलं नसेल. काकाजींनी ढीग मोजले. मोठ्यांच्या ढिगात 56, मधल्यात 42, बारीकांत 33. बेरीज 131.

"ह्ये मोठे दोनशेधाचे, ह्ये मधले तुमचे, आनि ह्ये बारीक तीनशेवीसचे. एकत्र करून घातल्यांनी. मोजलास तर बरोबरच भरतला."

दुकानात कुणी बोललं नाही. पाव किलोची मोजदाद नुसती सरासरी सांगते, ही साधी गोष्ट पंधरा वर्षं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती, मी गणित शिकवतो तरीही. मोठ्यात बारीक कालवलं की आकडा साळसूदपणे पास होतो. पाच टक्क्यांचा नियम असल्या कालवणासाठीच आहे, आणि तो नियम काकाजींनी भाजीतल्या मिठाला लावला होता! इथं तर बारीकच पंचवीस टक्के होते. शेठ शपथा घेऊ लागला की डबा वरूनच असा आला. काकाजींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते मावशीच्या बोटांकडे पाहत होते, बंडीच्या धुरेवर बसलेला माणूस पाहायचा तसे.

त्या संध्याकाळी मावशीला काकाजींच्या घरी चहाला बोलावणं गेलं. मीही होतो, कारण मालवणी आणि वऱ्हाडी यांच्यामध्ये कुणीतरी दोन तुकडा लागतोच. मावशी सांगत होती : बी उन्हात वाळवायची, वाफेवर शिजवायची, मग पायानं दाबायच्या यंत्रात एकेक धरून फोडायची, अशी की आतला गर अख्खा यावा. भट्टीच्या खोलीत तापवली की तांबडी साल सुटते. ती सोलायची, आणि मग निवड. काकाजी वहीत लिहून घेत होते. मध्ये ती सहज म्हणाली, "आमच्याकडे बोंडू खातत, रस काढतत. गोयंत तर बोंडूची फेणी करतत."

काकाजींचं पेन थांबलं. "बोंडाची दारू?"

कोकणात काजूच्या फळाला बोंडू म्हणतात आणि आमच्याकडे बोंड म्हणजे फक्त कापसाचं, हे मी सांगेपर्यंत काकाजी फार पुढं निघून गेले होते. "आमी बोंडाचा कापूस केला, सरकीचं तेल काढलं, ढेप केली, पराटीच्या काड्या चुलीत घातल्या. दारू काढाची अक्कल नाई आली कोनाले! आन जिल्हा हा दारूबंदीचा!" काकू हसून हसून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. गैरसमज दूर झाला तरी काकाजींचा चेहरा थोडा उतरलेलाच राहिला. एक मोठा शोध हातातोंडाशी येऊन गेला होता.

मावशीनं डब्यातला एक चार तुकडा तोंडात टाकला. "आमच्या वाटणीक तुकडोच. अख्खो कधी खाल्लंय ता आठवणत नाय."

"आमचे हे तं तुकडाबी खात नाईत," काकू आतून म्हणाल्या. "पंधरा वर्सं झाले, नुसते मोजून राह्यले."

मावशीनं काकाजींकडे जरा निरखून पाहिलं, काजूकडे पाहतात तसं. काकाजींच्या ते लक्षात आलं. सगळ्या पुलगावाला नंबर वाटणाऱ्या या माणसाला आजवर कुणी नंबर दिलेला नव्हता. ते खुर्चीत सरळ बसले, धोतराची निरी नीट केली, आणि कधी नव्हे त्या बारीक आवाजात विचारलं, "मावशीबाई, मले कोन्ता देसान?"

"तुमका?" मावशी हसली. "तुमची साल अजून निघाक नाय, काकानू. सालवाल्याक आमच्या टेबलार नंबर नसता. तो परत सोलूक धाडूचो लागता."

मी अर्थ सांगितला. काकू बाहेर आल्या, हातात काजू घातलेल्या शिऱ्याची ताटली. काकाजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी वहीचं पान उलटलं, पेन उघडलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तिले इचारा, साल पाच टक्क्यांत बसते काय?"